भरतीचा कागद कोणत्या कलमाचा?

मनोरुग्णालयात आपला माणूस ठेवून आलेल्या घरच्यांना आम्ही सगळ्यात आधी एकच विचारतो: भरती कोणत्या कलमाखाली झाली? बहुतेकांना सांगता येत नाही. डॉक्टरांनी तपासलं, फॉर्म पुढे केला, सही केली, डिपॉझिट भरलं, झालं. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये सगळ्या भरत्या सारख्या नसतात. कलम ८६ ची भरती म्हणजे माणूस स्वतःहून आला, स्वतःच्या सहीने राहिला. कलम ८९ ची म्हणजे त्याला सध्या स्वतः निर्णय घेणं जमत नाही, म्हणून दुसऱ्याच्या अर्जावर, तीही जास्तीत जास्त ३० दिवस. त्यापुढे कलम ९०. अठरा वर्षांखालच्यांसाठी कलम ८७ आणि त्याचे वेगळे, जास्त कडक नियम. मुदत किती, कोणाला कळवायचं, बाहेर कसं पडायचं, दाद कुठे मागायची, हे सगळं या आकड्यावर ठरतं.

हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. तरी एखाद्या ठिकाणी छापील फॉर्मवर १९८७ च्या जुन्या कायद्याचं नाव दिसतं. फॉर्मची पहिली ओळ वाचायची सवय म्हणूनच लावून घ्यावी. (पुढे आजार असलेल्या व्यक्तीला शुभार्थी आणि काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हटलं आहे. आमच्यात तेच शब्द चालतात.)

या सगळ्या प्रकरणात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त कामाला येणारा कागद शुभार्थी बरा असताना करून ठेवायचा असतो. तो म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीचा (शुभार्थीच्या वतीने माहिती मागणारा, अर्ज करणारा माणूस), कलम १४ चा. साधा कोरा कागद आणि शुभार्थीची सही किंवा अंगठा. स्टँप पेपर नको, नोटरी नको. मजकूर एवढा पुरतो:

'मी (नाव, वय, पत्ता) मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ प्रमाणे (नाव, नातं, पत्ता, फोन) यांना माझे नामनिर्देशित प्रतिनिधी नेमत आहे. तारीख, सही.'

खाली प्रतिनिधीने 'मला ही नेमणूक मान्य आहे' असं लिहून सही करावी, कारण त्याची लेखी संमती उपचार करणाऱ्यांकडे जावीच लागते. प्रतिनिधी सज्ञान हवा आणि जबाबदारी पेलणारा हवा. नात्यातलाच हवा असं बंधन नाही, मित्र चालतो, शेजारीण चालते. इथे घराघरांत एकच चूक होते. मान म्हणून थोरल्या भावाचं नाव घालतात आणि थोरला भाऊ असतो दुबईला. नाव अशा माणसाचं घालावं जो रात्री दोनला फोन उचलेल आणि तासाभरात पोचेल. मूळ कागद प्रतिनिधीकडे, एक प्रत नेहमीच्या मनोविकारतज्ज्ञाच्या फाइलला, एक घरात, आणि मोबाइलमध्ये फोटो. शुभार्थीला हे नाव कधीही बदलता येतं. नाव नेमलं म्हणजे त्याला समजत नाही असाही अर्थ कायदा काढू देत नाही.

हा कागद नसेल तर क्रम कायद्यातच दिलेला आहे. आधी नातेवाईक, मग शुभंकर, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने (भरती आणि हक्कांबद्दल दाद मागायचं ठिकाण, पुढे नुसतं 'मंडळ') नेमलेली व्यक्ती, आणि कोणीच नसेल तर समाजकल्याण खात्याचे संचालक किंवा त्यांनी नेमलेला माणूस. मंडळाने कोणाला नेमेपर्यंत नोंदणीकृत संस्थेच्या प्रतिनिधीकडे हे काम तात्पुरतं देता येतं. एकट्या राहणाऱ्या शुभार्थीसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. घरं अडकतात ती 'नातेवाईक' या पायरीवर. बायको म्हणते भरती करा, आई म्हणते अजिबात नको. दोघीही नातेवाईकच. रुग्णालय हात वर करतं आणि शुभार्थी रात्रभर कॅज्युअल्टीच्या बाकावर बसून राहतो. एका ओळीच्या कागदाची किंमत तेव्हा कळते.

प्रतिनिधीला काय करता येतं ते कलम १७ मध्ये आहे: निदान आणि उपचारांची माहिती मागणं, भरतीसाठी अर्ज करणं, सुटकेसाठी मंडळाकडे जाणं, हक्क मोडला तर तक्रार करणं, डिस्चार्जच्या नियोजनात बसणं. हे करताना शुभार्थीची आताची आणि पूर्वीची इच्छा त्याने लक्षात घ्यायचीच आहे. बँकेचा किंवा सातबाऱ्याचा कोणताही व्यवहार या कागदावर होत नाही. तसं कोणी सांगत असेल तर त्याचा डोळा कुठे आहे ते ओळखावं.

आगाऊ निर्देश हा वेगळा दस्त, कलम ५ चा. आपल्याला कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि प्रतिनिधी म्हणून कोण चालेल (इथे एकापेक्षा जास्त नावं क्रमाने देता येतात), हे कोणीही सज्ञान व्यक्ती लिहून ठेवू शकते. आधी आजार झालेला असो वा नसो. तो विहित नमुन्यात, साक्षीदारांच्या सह्यांनिशी करायचा आणि पुनर्विलोकन मंडळाकडे नोंदवायचा. लोक त्यात 'मला चांगली वागणूक मिळावी' असं लिहितात. त्याचा उपयोग शून्य. कोणत्या औषधाने मान आखडून वाकडी झाली, किती मात्रेला झाली, कोणत्या औषधाने झोप लागली, शॉक (विजेचे झटके देऊन केलेला उपचार) चालेल का, कोणाला भेटायला येऊ देऊ नये, मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे, घरातल्या मांजराला कोण खायला घालणार, असं लिहिलं तर वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला पहाटे चारलाही ते वाचून काही करता येतं. औषधाचं नाव ब्रँडचं न लिहिता मूळ घटकाचं लिहावं, कारण ब्रँड बदलत राहतात.

दोन मर्यादा ठाऊक असाव्यात. आणीबाणीच्या उपचारांना आगाऊ निर्देश लागू होत नाही, हे कलम ९ मध्ये स्पष्ट आहे. आणि ज्या डॉक्टरच्या हातात त्याची प्रतच पोचली नाही, त्याला तो न पाळल्याबद्दल जबाबदार धरता येत नाही. म्हणजे कपाटात ठेवलेला निर्देश असून नसल्यासारखा. उलट, प्रत दिलेली असेल आणि डॉक्टरांना किंवा घरच्यांना तो पाळायचा नसेल, तर त्यांनी मंडळाकडे अर्ज करून तो बदलून किंवा रद्द करून घ्यायचा असतो. परस्पर बाजूला ठेवता येत नाही.

आता आणीबाणीची वेळ. कलम ९४ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ नसला तरी, दवाखान्यात किंवा घरीसुद्धा तातडीचे उपचार देऊ शकतो. मात्र जीव जाण्याचा किंवा कायमचं नुकसान होण्याचा, स्वतःला वा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याचा, किंवा आजारामुळेच मालमत्तेची मोठी नासधूस होण्याचा धोका समोर दिसत असला पाहिजे. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. जवळच्या मानसिक आरोग्य आस्थापनेत (मानसिक आजार असलेल्यांना ठेवून उपचार करणारं रुग्णालय किंवा केंद्र) नेणं हेही यात धरलेलं आहे. मुदत ७२ तास, किंवा तिथे तपासणी होईपर्यंत, जे आधी होईल ते. आणीबाणी म्हणून शॉक देता येत नाही. ७२ तास उलटून गेले आणि केसपेपरवर अजून 'इमर्जन्सी' एवढंच लिहिलेलं असेल, तर माणूस कोणत्या आधारावर आत आहे ते विचारायचा हक्क घरच्यांनाही आहे आणि त्यालाही.

पोलिसांची मदत लागली तर ठाणे अंमलदाराकडून हमखास दोन वाक्यं ऐकू येतात: 'घरगुती मामला आहे' आणि 'कोर्टाची ऑर्डर आणा'. दुसरं वाक्य जुन्या कायद्यातल्या रिसेप्शन ऑर्डरच्या, म्हणजे भरतीसाठीच्या दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाच्या, काळातलं आहे. आताच्या कलम १०० प्रमाणे हद्दीत भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. आणि आजारामुळे स्वतःला वा इतरांना धोका असलेली व्यक्ती हद्दीत असेल तर तिलाही. 'भटकणारी'च असली पाहिजे असं दुसऱ्या भागात नाही, आणि घरातल्या प्रसंगाला हाच भाग लागू पडतो. कलम १०० ची छापील प्रत बरोबर न्यावी, वाद निम्मा होतो. संरक्षणात घेतलेल्या व्यक्तीला शक्य तितक्या लवकर, आणि काहीही झालं तरी २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावं लागतं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. भरतीची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तर पोलिसांनीच तिला घरी पोचवायचं असतं. घरात कोंडून, उपाशी ठेवून कोणाचा छळ चालला असेल तर ती वाट कलम १०१ आणि १०२ ची: पोलीस दंडाधिकाऱ्यांना कळवतात, आणि दंडाधिकारी तपासणीसाठी जास्तीत जास्त १० दिवसांच्या भरतीचा आदेश देऊ शकतात.

इथून पुढे कलम ८९. घरच्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. त्यांना वाटतं, आपण सही केली की डॉक्टर ठेवून घेतात. प्रतिनिधीचा अर्ज ही नुसती सुरुवात असते. त्यानंतर दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत शुभार्थीला तपासायचं. एक मनोविकारतज्ज्ञच हवा. दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक (यात नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्ण समाजसेवक, मनोरुग्ण परिचारिका हेही येतात) किंवा डॉक्टर चालतो. आजार गंभीर आहे आणि त्यामुळे तीनपैकी एक तरी गोष्ट अलीकडे घडली आहे, असं दोघांचंही मत व्हायला हवं: स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, दुसऱ्याशी हिंसक वागणं किंवा त्याला इजेची भीती वाटावी असं वागणं, स्वतःची काळजी घेता न येणं, इतकं की त्यातून स्वतःला इजा व्हायचा धोका असावा. शिवाय यापेक्षा कमी बंधनाचा दुसरा उपाय नाही, आणि स्वतः निर्णय घ्यायला त्याला प्रतिनिधीचा फार मोठा आधार लागतो, हेही प्रमाणपत्रात यायला हवं.

तपासणीच्या खोलीत घरचे काय बोलतात यावर पुष्कळ अवलंबून असतं. 'दोन वर्षांपासून त्रास देतोय', 'कामधंदा बघत नाही', 'लग्नाला नाही म्हणतो', 'औषध घेत नाही' यातलं एकही वाक्य एकट्याने कलम ८९ मध्ये बसत नाही. समाजाच्या, घराच्या किंवा कामाच्या चालीरीतींशी न जुळणं हा आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असं कलम ३ सांगतं. पूर्वी उपचार झाले होते एवढ्यावरूनही आज आजार आहे असं म्हणता येत नाही. म्हणून घरूनच एका पानावर तारीखवार लिहून न्यावं. नमुना असा: 'सोमवार, रात्री ११ : गॅसची नळी काढून टाकली, घरात सगळे झोपलेले. मंगळवार : दिवसभर पाणी प्यायला नाही, पाण्यात विष आहे म्हणाला. बुधवार सकाळ : इन्सुलिन घ्यायला नकार, साखर ४१०. बुधवार संध्याकाळ : आईवर पाट उगारला, शेजाऱ्यांनी धरलं.' चार ओळी. आवाज चढवून सांगितलेल्या अर्ध्या तासाच्या कहाणीपेक्षा तपासणाऱ्याला या चार ओळींचा उपयोग जास्त होतो. शांतपणे झिजत चाललेल्या शुभार्थीच्या बाबतीत तर फारच, कारण तो कोणाला मारत नाही, म्हणून घरच्यांनाच वाटतं की त्याची 'केस बसणार नाही'. तिसरा निकष त्याच्यासाठीच आहे.

बिघडतं कुठे? दोन प्रमाणपत्रं शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींवर तीच वेळ, तेच अक्षर, वाक्य न् वाक्य तेच, फक्त खालची सही वेगळी, असं असेल तर 'स्वतंत्रपणे' हा शब्द कागदावरच राहिला. दुसरं म्हणजे इंजेक्शनची वेळ. गुंगीत असलेल्या माणसाची निर्णयक्षमता तपासता येत नाही. कलम ४ मध्ये तिचे तीन भाग आहेत: दिलेली माहिती समजणं, निर्णयाचे परिणाम काय होतील याचा अंदाज असणं, आणि निर्णय बोलून, खुणेने किंवा कसाही कळवता येणं. हे तिन्ही तपासायला माणूस जागा असावा लागतो. नर्सिंग नोंदीतली इंजेक्शनची वेळ आणि प्रमाणपत्रावरची तपासणीची वेळ ताडून पाहिली की पुष्कळ कळतं. आणखी एक. डॉक्टरांचा सल्ला पटला नाही म्हणजे निर्णयक्षमता नाही, असं होत नाही. निर्णय दुसऱ्यांना चुकीचा वाटला तरी क्षमता नाही असं तेवढ्यावरून म्हणता येणार नाही, हे कायद्यात लिहिलेलंच आहे.

भरती झाली की रुग्णालयाने पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत, इतरांच्या बाबतीत ७ दिवसांत. घरच्यांनी ऑफिसात जाऊन त्या पत्राचा जावक क्रमांक मागावा. क्रमांक मागितला की न गेलेलं पत्र त्याच दिवशी जातं, हा आमचा अनुभव. निर्णयक्षमता दर ७ दिवसांनी पुन्हा तपासायची असते. शुभार्थीला ती परत आली, आणि तरी त्याला उपचारांसाठी राहावंसं वाटत असेल, तर तो कलम ८६ खाली, स्वतःच्या सहीने राहतो. हा बदल कागदावर करायचा बहुतेक ठिकाणी राहूनच जातो. ८९ ची भरती तीस दिवस तशीच पुढे ओढली जाते, आणि तिसाव्या दिवशी धावपळ सुरू होते. तीस दिवसांपुढे ठेवायचं तर कलम ९०. तिथे दोन्ही तपासणारे मनोविकारतज्ज्ञ असावे लागतात आणि मंडळाने भरतीपासून २१ दिवसांत परवानगी द्यावी लागते, नाहीतर सुटकेचा आदेश. परवानगी पहिल्यांदा जास्तीत जास्त ९० दिवसांची, मग १२०, मग १८०.

वॉर्डाच्या आत काय चालतं याची यादी लांब आहे. ज्यावर रोज वाद होतात तेवढंच सांगतो. फोन. 'इथे मोबाइल चालत नाही' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. कलम २६ प्रमाणे वाजवी वेळी फोन करण्याचा, घेण्याचा, भेटायला आलेल्याला भेटण्याचा किंवा नाकारण्याचा हक्क शुभार्थीचा आहे. रुग्णालय वेळ ठरवू शकतं, हक्कच काढून घेऊ शकत नाही. एखाद्याचे फोन अडवायचे तर तशी मागणी शुभार्थीने स्वतः करायची असते, आणि तेव्हाही प्रतिनिधी, वकील, न्यायाधीश आणि मंडळाचे सदस्य यांना अडवता येत नाही. कपडे. स्वतःचे घालता येतात, गणवेशाची सक्ती नाही. केस सक्तीने भादरता येत नाहीत. स्त्रियांना मासिक पाळीच्या काळातल्या स्वच्छतेची सोय मिळालीच पाहिजे. काम करून घेतलं तर मोबदला द्यायचा. शॉक द्यायचा तर भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊनच, त्याशिवाय देण्यावर बंदी आहे. साखळी कोणत्याही स्वरूपात नाही. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या आश्रमात २००१ मध्ये आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्यांना पळता आलं नव्हतं.

हातपाय बांधण्याला पूर्ण बंदी नाही. समोर दिसणारी तत्काळ इजा टाळायचा दुसरा उपाय नसेल तरच, उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरता वेळ. प्रत्येक वेळी २४ तासांच्या आत प्रतिनिधीला कळवायचं. कर्मचारी कमी आहेत हे कारण कायद्याने नाव घेऊन नाकारलं आहे. भेटीच्या वेळी मनगटं पाहावीत. वळ दिसले तर आवाज न करता तारीख आणि वेळ लिहून घ्यावी, आणि त्या दिवसाची बंधनाची नोंद मागावी. नोंद नसणं हाच मग तक्रारीचा मुद्दा होतो.

नशामुक्ती केंद्रांबद्दल थोडं रागानेच लिहावं लागतं. दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था कायद्याच्या व्याख्येत येतात, म्हणजे अशा लोकांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्रालाही राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. पैसे घेऊन घरातून माणूस उचलून नेणारी गाडी, सहा महिन्यांचं ठरलेलं पॅकेज, पहिला महिना भेट नाही, या गोष्टी वर सांगितलेल्या एकाही कलमात बसत नाहीत. पैसे भरण्याआधी नोंदणी प्रमाणपत्र पाहावं, क्रमांक आणि मुदत लिहून घ्यावी. विनानोंदणी चालवण्याला पहिल्यांदा ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आहे. रक्कम पाहता तो फार कोणाला घाबरवत असेल असं वाटत नाही.

मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जायचं म्हटलं की घरचे बिचकतात. 'कोर्टकेस होईल, डॉक्टर चिडतील.' मंडळात सहा जण असतात. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, त्या पदाला पात्र न्यायिक अधिकारी किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकाऱ्यांचा एक प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि दोन सदस्य शुभार्थी, शुभंकर किंवा या क्षेत्रातल्या संस्थांचे. अर्जाला शुल्क नाही. वकील लागत नाही, हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. अर्ज शुभार्थी स्वतः करू शकतो, प्रतिनिधी करू शकतो, शुभार्थीच्या संमतीने नोंदणीकृत संस्थाही करू शकते. वहीच्या पानावर लिहिलेला अर्ज चालतो. त्यात नाव, रुग्णालय आणि वॉर्ड, भरतीची तारीख, कलम, काय मागणी आहे (सुटका, प्रतिनिधी बदलणं, हक्काचा भंग), आणि का, एवढं असावं. कारणं तीन-चार वाक्यांत. जुनी भांडणं त्यात घालू नयेत. दोन प्रती कराव्यात, एकीवर पोच घ्यावी. कलम ८९ च्या भरतीला आव्हान दिलं असेल तर ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो, कलम ९० च्या भरतीला २१ दिवसांत. पोच नसेल तर हे दिवस मोजायचे कुठून?

सुनावणी शुभार्थी ज्या रुग्णालयात आहे तिथेच, बंद दाराआड होते. त्याला स्वतः बोलायचा हक्क आहे. घरच्यांनी त्याच्या वतीने बोलायची घाई करू नये, कारण मंडळाला त्याचंच ऐकायचं असतं. बाहेर गेल्यावर कुठे राहणार, गोळ्या कोण देणार, झोप कशी आहे, पुन्हा तसंच वाटायला लागलं तर आधी कोणाला सांगणार, असे साधे प्रश्न येतात. 'गोळ्या मी स्वतः घेईन, रविवारी बहीण डबी भरून देते' असं उत्तर 'मला काही झालेलंच नाही' यापेक्षा फार पुढे नेतं. त्या सकाळी गुंगीचं औषध जास्त दिलं गेलं असेल तर अध्यक्षांना तसं सांगून थोडा वेळ मागावा. निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील. खरी अडचण वेगळीच असते. मंडळात जागा रिकाम्या असतात, बैठका लांबतात, सात दिवसांचे कितीतरी जास्त होतात. अशा वेळी पोच घेतलेली प्रत जोडून राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला आणि विधी सेवा प्राधिकरणाला पत्र द्यावं.

डिस्चार्जचे घोळ दोन दिशांनी होतात. कलम ८६ च्या माणसाला जायचं असतं आणि रुग्णालय 'घरच्यांना आणा' म्हणून अडवतं. त्याला घरच्यांची सही लागत नाही, मागितल्याबरोबर सोडायचं असतं. ८९ चे निकष लागू होतील अशी शंका आली तर तपासणीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवता येतं. मग एकतर ८९ ची रीतसर प्रक्रिया, नाहीतर सुटका. याच्या उलट, शुभार्थी बरा झाला तरी घरचे न्यायला येत नाहीत, फोन बंद करून ठेवतात. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या प्रादेशिक मनोरुग्णालयांत हा प्रश्न कित्येक वर्षांचा जुना आहे. घरच्यांनी सोडलं, घर नाही, किंवा समाजात राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असं कलम १९ सांगतं. अशांना आधार देणं, मोफत कायदेशीर मदत देऊन कुटुंबाच्या घरात राहण्याचा त्यांचा हक्क बजावून देणं, हे सरकारचं काम आहे. निमघरं (रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या राहण्याच्या जागा) आणि आधारगृहं पुरेशी नसल्यामुळे हे कलम अजून पांगळं आहे, पण अर्जात ते लिहायलाच हवं.

बाहेर पडताना डिस्चार्ज समरी, औषधांची मूळ नावं आणि मात्रा, पुढच्या तपासणीची तारीख आणि केसपेपरची प्रत घ्यावी. प्रत मिळणं हा कलम २५ चा हक्क आहे. काही भाग रोखून ठेवला तर मंडळाकडे दाद मागता येते. विम्याचा दावा नाकारण्यासाठी 'मानसिक आजार वगळलेले आहेत' हे कारण पुढे केलं जातं. कलम २१(४) प्रमाणे शारीरिक आजारांच्याच धर्तीवर मानसिक आजारांना विमा द्यायचा आहे, विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये तसं परिपत्रक काढलं, आणि २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशा वगळणुकीला कलमाच्या विरोधात ठरवलं. नकाराचं पत्र लेखीच मागावं आणि उत्तरात हे तिन्ही मुद्दे घालावेत. घरी आल्यावर रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तो मराठीतही चालतो.

शेवटी एक तारीख वहीत लिहून ठेवावी: सुटकेनंतरचा सातवा दिवस. कलम ८९ खालून सुटलेल्या माणसाला त्या सात दिवसांत पुन्हा ८९ खाली भरती करता येत नाही. तशी गरज पडलीच तर ती भरती कलम ९० प्रमाणे होते, म्हणजे दोन मनोविकारतज्ज्ञ आणि मंडळाची परवानगी. तालुक्याच्या गावी दोन मनोविकारतज्ज्ञ एका दिवशी मिळणं अवघड, म्हणून दुसरा तज्ज्ञ कुठे मिळेल ते डिस्चार्जच्या दिवशीच डॉक्टरांना विचारून, नाव आणि ओपीडीचे वार लिहून घ्यावेत.